विमान उलटं वागायला लागलं तर? : नियंत्रण बिघाडाचा एक धडा

विद्यार्थी मित्रांनो, आजचा पाठ वाचण्याआधी एक छोटासा प्रयोग करा. शाळेच्या संगणक कक्षात किंवा घरी कॉम्प्युटर असेल, तर माऊस उलटा फिरवून धरा, म्हणजे त्याचं पुढचं टोक तुमच्याकडे येईल. आता स्क्रीनवरच्या एखाद्या चिन्हावर बाण नेऊन दाखवा बरं! हात डावीकडे नेला की बाण उजवीकडे पळतो. चूक सुधारायला तुम्ही हात आणखी डावीकडे नेता, बाण आणखी लांब जातो. पाच-दहा सेकंदांत डोकं चक्रावतं. वर्गात हा प्रयोग केला की मुलं खो खो हसतात.

आता असा विचार करा, की तुमच्या हातात माऊस नाही, प्रवासी विमानाचं नियंत्रण आहे. खिडकीबाहेर नुसते ढग आहेत. आणि विमान माऊससारखंच उलटं वागतंय.

हे खरोखर घडलेलं आहे. त्या विमानातली सगळी माणसं जिवंत परत आली. ती कशी आली आणि मुळात ही वेळ का आली, हे आज समजून घेऊ.

आधी थोडी उजळणी : विमान वळतं कसं?

कागदाचं विमान तुम्ही सगळ्यांनीच केलं असेल. त्याच्या दोन्ही पंखांच्या मागच्या कडेला कात्रीने दोन-दोन छोट्या चिरा द्या. त्यामुळे प्रत्येक पंखावर एक लहानशी पट्टी तयार होईल. डावी पट्टी किंचित वर दुमडा, उजवी किंचित खाली. विमान सोडा. ते डाव्या कुशीवर कलतं. दुमड उलट करा, ते उजवीकडे कलेल.

असं का होतं? पट्टी खाली दुमडली की त्या पंखाला वर उचलणारं बल वाढतं. पट्टी वर दुमडली की ते कमी होतं. एका बाजूला उचल जास्त, दुसऱ्या बाजूला कमी, म्हणून विमान कलतं. खऱ्या विमानाच्या पंखांवरही अशाच हलणाऱ्या पट्ट्या असतात. त्यांना एलेरॉन म्हणतात.

शेपटीवरची आडवी पट्टी म्हणजे एलिव्हेटर. ती विमानाचं नाक वर-खाली करते. शेपटीवरची उभी पट्टी म्हणजे रडर. ती नाक डावी-उजवीकडे फिरवते. मोठ्या विमानात पंखांच्या पाठीवर उघडणारी झडपंही असतात, त्यांना स्पॉयलर म्हणतात. ज्या पंखावरचा स्पॉयलर उघडतो, त्याची उचल कमी होते आणि तो पंख खाली जातो. म्हणजे कलण्याच्या कामात स्पॉयलर एलेरॉनला मदत करतात.

एक गोष्ट लक्षात ठेवा. विमान रिक्षासारखं नुसतं तोंड फिरवून वळत नाही. वेगात असलेला सायकलस्वार वळणावर जसा अंग कलवतो, तसं विमान आधी कलतं आणि मग वळतं. म्हणून एलेरॉन बिघडले तर विमानाचं वळणंही बिघडतं आणि सरळ राहणंही.

लिस्बनजवळचा तो रविवार

११ नोव्हेंबर २०१८. पोर्तुगालची राजधानी लिस्बन. तिच्याजवळच्या अल्वेर्का इथल्या धावपट्टीवरून कझाकस्तानच्या एअर अस्ताना कंपनीचं एम्ब्रेअर १९० हे विमान निघालं. साधारण शंभर प्रवाशांचं हे विमान, मोठ्या जेटच्या मानाने लहानच. त्या दिवशी त्यात नेहमीचे प्रवासी नव्हते. मोठी देखभाल-दुरुस्ती पूर्ण करून विमान घरी चाललं होतं. आत तीन वैमानिक आणि कंपनीचे तीन तंत्रज्ञ, एकूण सहा जण.

हवा खराब होती. पाऊस आणि ढग. जमीन सोडल्याबरोबर वैमानिकांच्या लक्षात आलं, की विमान ऐकत नाहीये. ते डोलायला लागलं. सरळ करायला जावं तर जास्तच कलायचं. ऑटोपायलट लागेना. काही क्षण तर विमान पूर्णपणे हाताबाहेर गेलं. त्याला इतके जोरदार झटके बसले, की त्याच्या सांगाड्याने सहन करायच्या मर्यादाही ओलांडल्या गेल्या.

गंमत म्हणा किंवा दैवदुर्विलास म्हणा, कॉकपिटमधल्या पडद्यावर बिघाडाचा एकही इशारा नव्हता. विमान भलत्याच अवस्थेत आहे एवढंच यंत्रणा ओरडून सांगत होती, पण अमुक भाग बिघडला आहे असं काहीच नाही. सगळं ठीक, फक्त विमान ठीक नाही!

वैमानिकांनी आणीबाणी जाहीर केली. परिस्थिती इतकी बिकट होती, की आम्हाला समुद्राकडे जायची दिशा द्या, तिथे पाण्यावर विमान उतरवतो, अशी मागणी त्यांनी केली. पण सांगितलेली दिशा धरून उडणंही त्यांना जमत नव्हतं.

नेमकं काय उलटं झालं होतं?

या विमानात वैमानिकाचा हुकूम एलिव्हेटर, रडर आणि स्पॉयलरपर्यंत विजेच्या तारांतून, संगणकामार्फत पोहोचतो. एलेरॉनसाठी मात्र जुनी पद्धत आहे. वैमानिकाच्या हातातल्या योकपासून पोलादी केबल निघतात आणि पुलींवरून पंखापर्यंत जातात. योक म्हणजे विमानाचं स्टिअरिंगच समजा.

देखभालीच्या वेळी या केबल बदलल्या गेल्या होत्या. बदलताना त्या उलट्या बसल्या. त्यामुळे योक डावीकडे वळवला की एलेरॉन विमानाला उजवीकडे कलवायचे. पण स्पॉयलरचा मार्ग वेगळा असल्यामुळे ते मात्र बरोबर काम करत होते, विमानाला डावीकडेच कलवत होते. रस्सीखेचीत एकाच संघातल्या दोघांनी दोन दिशांना दोर ओढावा, तसा प्रकार!

आता उलटं नियंत्रण हे अडकलेल्या नियंत्रणापेक्षा जास्त धोक्याचं का, ते पाहा. समजा वाऱ्याने विमान थोडं डावीकडे कललं. वैमानिक सवयीने योक उजवीकडे वळवतो. एलेरॉन विमानाला आणखी डावीकडे ढकलतात. वैमानिक म्हणतो, अरे, कमी पडलं, आणखी उजवीकडे. विमान आणखी डावीकडे. म्हणजे प्रत्येक सुधारणा ही नवी चूक ठरते आणि सुधारणा जितकी मोठी, तितकी चूकही मोठी. वर्षानुवर्षांच्या सरावाने हातात भिनलेलं कौशल्यच वैमानिकाच्या विरोधात जातं. नुसतं अडकलेलं नियंत्रण निदान असं करत नाही. ते मदत करत नाही, पण घातही करत नाही.

मग त्यांनी काय केलं?

वैमानिकांना एक क्रम शिकवलेला असतो : आधी विमान सांभाळा, मग दिशा पाहा, मग बोला. रेडिओवर कितीही प्रश्न येवोत, पहिलं काम विमान हवेत ठेवणं. या सहा जणांनी केलेल्या गोष्टी त्या क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट, त्यांनी एकत्र विचार केला. मागे बसलेल्या तंत्रज्ञांशी चर्चा झाली. इशारा नाही, दिवा नाही, मग काय चालतंय आणि काय नाही हे वागण्यावरूनच ओळखायचं होतं. डॉक्टर रिपोर्ट हातात नसताना रुग्णाला तपासून निदान करतात ना, तसंच.

दुसरी गोष्ट, त्यांनी नियंत्रणं 'डायरेक्ट मोड'वर टाकली. एरवी वैमानिकाचा हात आणि विमानाच्या पट्ट्या यांच्यामध्ये संगणक असतो. वेगानुसार कोणती पट्टी किती हलवायची हे तो ठरवतो. डायरेक्ट मोडमध्ये ही मधली लुडबूड थांबते. हात जेवढा हलेल त्या प्रमाणात पट्टी हलते. त्यामुळे विमान पुष्कळच आटोक्यात आलं. नाक वर-खाली करणं आणि डावी-उजवीकडे फिरवणं जमू लागलं. उरला तो फक्त कलण्याचा त्रास.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. गडबड एलेरॉनमध्ये आहे हे उमगल्यावर त्यांनी एलेरॉनचा वापर शक्य तितका कमी केला. जे बिघडलंय त्याच्याशी झगडत बसायचं नाही, जे शाबूत आहे त्याच्यावर भिस्त ठेवायची.

आता पुन्हा माऊसचा प्रयोग आठवा. माऊस उलटा धरून कोणाला जमतं? जो घाईघाईने हात मारतो त्याला नाही. जो हात अगदी थोडा हलवतो, थांबतो, बाण कुठे गेला ते पाहतो आणि मग पुढे जातो, त्याला जमतं.

इतर बिघाड झाले तर?

प्रत्येक वेळी केबलच उलट्या बसतील असं नाही. लहान विमानात एखादी पट्टी अडकते किंवा एखादी केबल तुटते. तेव्हाही विचार हाच, एक वाट बंद झाली तर दुसरी शोधायची. वैमानिकांना शिकवल्या जाणाऱ्या काही युक्त्या पाहा :

१. एलेरॉन चालत नसतील तर रडर हळूवार वापरायचा. रडरने नाक एका बाजूला फिरलं की बाहेरच्या बाजूचा पंख जास्त वेगाने पुढे जातो, त्याची उचल वाढते आणि विमान हळूहळू त्या वळणाकडे कलतं. काम होतं, पण सावकाश.

२. एलिव्हेटर अडकला तर इंजिनाची शक्ती कामी येते. शक्ती वाढवली की विमान वर चढू लागतं, कमी केली की उतरू लागतं. शिवाय 'ट्रिम' नावाची छोटी पट्टी असते. पण सावध! एलिव्हेटर मोकळा असताना ही पट्टी एलिव्हेटरला हलवते. एलिव्हेटरच जाम झाला तर ती स्वतःच छोटा एलिव्हेटर बनते आणि तिचा परिणाम नेहमीच्या उलट होतो.

३. बिघाड एखादी गोष्ट बदलल्याबरोबर दिसला तर, उदाहरणार्थ फ्लॅप खाली करताच विमान कलू लागलं, तर ती गोष्ट आधी पूर्ववत करायची. गणित चुकलं की आपण शेवटची पायरी खोडून पाहतो, तसंच हे.

४. उतरण्याची तालीम उंचावर करायची. सुरक्षित उंचीवर असतानाच वेग हळूहळू कमी करून आणि चाकं बाहेर काढून पाहायचं. कोणत्या वेगाला विमान ऐकेनासं होतं ते कळलं, की उतरताना त्याहून जास्त वेग ठेवायचा. जमिनीपासून शंभर फुटांवर पहिल्यांदा हे कळलं तर उपयोग नाही.

५. धावपट्टी जवळची नको, सोयीची हवी. लांब, रुंद आणि हवा चांगली असलेली.

या सगळ्यासाठी लागतात दोन गोष्टी : उंची आणि वेळ. खरं तर उंची म्हणजेच वेळ.

तिसऱ्या प्रयत्नात जमीन

एअर अस्तानाच्या विमानाकडे परत येऊ. आता विमान बऱ्यापैकी ताब्यात होतं. पोर्तुगालच्या हवाई दलाची दोन एफ-१६ विमानं मदतीला आली आणि सोबत करत त्याला दक्षिणेकडच्या बेजा इथल्या तळाकडे घेऊन गेली. तिथली हवा चांगली होती आणि धावपट्टी भरपूर लांब.

पहिला प्रयत्न फसला, त्यांनी विमान पुन्हा वर घेतलं. दुसराही फसला, पुन्हा वर. इथे थोडं थांबा आणि विचार करा. जवळपास दोन तास मृत्यूशी झुंज दिल्यावर धावपट्टी समोर दिसतेय. कोणालाही वाटेल, आता काय व्हायचं ते होवो, उतरवून टाकू. पण नीट जुळलं नाही तर पुन्हा वर जायचं हा नियम त्यांनी दोनदा पाळला. तिसऱ्या वेळी विमान टेकलं. उतरायचं होतं उजवीकडच्या धावपट्टीवर, वाहवत जाऊन उतरलं शेजारच्या डावीकडच्या धावपट्टीवर! पण उतरलं. एकाच्या पायाला दुखापत झाली, सगळे प्रचंड हादरलेले होते, मात्र सहाही जण वाचले. विमानाला इतके ताण बसले होते, की ते पुन्हा सेवेत आलं नाही.

खरी चूक जमिनीवर झाली होती

वैमानिकांचं कौतुक करावं तेवढं थोडंच. पण धडा इथे संपत नाही. पोर्तुगालच्या अपघात तपास संस्थेने याचा सविस्तर तपास केला. त्यात जे बाहेर आलं ते आपल्यासाठी जास्त मोलाचं आहे.

केबल उलट्या बसल्यानंतर, विमान अजून जमिनीवरच असताना, नियंत्रणात दोष आहे, उड्डाण करू नका, अशा अर्थाचा संदेश विमानाच्या यंत्रणेने दिला होता. तंत्रज्ञांनी त्याचा शोध घ्यायला सुरुवात केली. विमान बनवणाऱ्या कंपनीचीही मदत घेतली. हा शोध अकरा दिवस चालला. पण सगळ्यांचं लक्ष तो संदेश घालवण्यावर होतं. योक डावीकडे वळवल्यावर एलेरॉन कोणत्या बाजूला जातो, हे कोणाच्या नजरेत भरलं नाही. शेवटी उड्डाणाआधी वैमानिकही नियंत्रणं हलवून पाहतात. त्या तपासणीतही चूक निसटली.

असं कसं होतं? कारण आपण बहुतेक वेळा 'हलतंय का?' एवढंच पाहतो. 'बरोबर दिशेला हलतंय का?' हे पाहायचं राहून जातं. २० मार्च २००१ रोजी जर्मनीत फ्रँकफर्ट इथे एका एअरबस ए-३२० बाबत असंच झालं. दुरुस्तीत तारा उलट्या जोडल्या गेल्यामुळे मुख्य वैमानिकाची नियंत्रण-काठी कलवण्याच्या बाबतीत उलटी झाली होती. उड्डाणाआधी पट्ट्या हलताना दिसल्या, दिशा कोणी पाहिली नाही. जमीन सोडताच विमान डावीकडे कललं, पंखाचं टोक जवळजवळ जमिनीला लागलं. सुदैवाने सहवैमानिकाची काठी वेगळी आणि ठीक होती. त्याने लगेच ताबा घेतला म्हणून सगळे वाचले.

सगळ्यांचं नशीब असं नसतं. ८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेत शार्लट इथून एअर मिडवेस्टचं बीचक्राफ्ट १९०० हे १९ आसनांचं विमान निघालं. दोनच दिवसांपूर्वी रात्री त्याच्या एलिव्हेटरच्या केबलची जुळणी केली होती. ते काम करणारा तंत्रज्ञ या प्रकारच्या विमानावर ते पहिल्यांदाच करत होता आणि पुस्तिकेतल्या काही पायऱ्या गाळल्या गेल्या. परिणामी नाक खाली आणण्याची एलिव्हेटरची क्षमता साधारण निम्मीच उरली. मधल्या काही फेऱ्या निभावल्या. पण त्या सकाळी विमान भरलेलं होतं, मागच्या बाजूला भार जास्त होता. जमीन सोडताच नाक वर गेलं ते वैमानिकांनी सगळा जोर लावूनही खाली आलं नाही. विमान विमानतळावरच्याच एका हँगरला धडकलं. विमानातले सगळे २१ जण गेले. उड्डाणापासून धडकेपर्यंत मिळाला तो जेमतेम अर्ध्या मिनिटाचा वेळ. त्यांच्याजवळ ना उंची होती, ना वेळ. तिथे कोणतीच युक्ती चालली नसती.

म्हणून लक्षात ठेवा, बिघाड हाताळायची सगळ्यांत चांगली जागा आकाशात नसते, जमिनीवर असते.

अंगठ्याचा नियम

लहान विमानावर शिकणाऱ्या वैमानिकांना एक सोपी खूण शिकवतात. योक दोन्ही हातांनी धरा, अंगठे वर. आता योक डावीकडे वळवा. अंगठे डावीकडे झुकतील. ज्या बाजूला अंगठे झुकले, त्या बाजूचा एलेरॉन वर गेलेला दिसला पाहिजे. उजवीकडे वळवा, उजवा एलेरॉन वर. मान वळवून प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहायचं. दहा सेकंदांचं काम! बारामतीत शिका, गोंदियात शिका की अमेरिकेत, ही तपासणी चुकवायची नसते.

गणितात आपण याला काय म्हणतो? ताळा. भागाकार झाला की भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी, बरोबर भाज्य येतं का ते पाहायचं. पुष्कळ मुलं ताळा 'लिहितात', करत नाहीत. उत्तराला जुळेल असा आकडा खाली मांडून मोकळी होतात. मी वह्या तपासताना मला ते लगेच कळतं! वहीत त्याने एखादा गुण जातो. विमानाच्या हँगरमध्ये मात्र न करता सही केलेला ताळा माणसांच्या जिवावर येतो. तुमच्यापैकी कोणी उद्या वैमानिक होईल, कोणी तंत्रज्ञ, कोणी नर्स, कोणी वायरमन. काम झाल्यावर 'हलतंय' एवढ्यावर थांबू नका. 'बरोबर हलतंय का' ते पाहा, आणि जमलं तर दुसऱ्यालाही पाहायला सांगा.

स्वाध्याय

१. कागदाच्या विमानाच्या दोन्ही पट्ट्या वर दुमडल्या तर काय होईल? आधी अंदाज वहीत लिहा, मग करून पाहा.

२. अडकलेल्या नियंत्रणापेक्षा उलटं नियंत्रण जास्त धोकादायक का? स्वतःच्या शब्दांत पाच ओळी लिहा.

३. बेजा इथे वैमानिकांनी दोनदा विमान पुन्हा वर का घेतलं असेल? गटात चर्चा करा.

४. तुमच्या घरातली अशी एक वस्तू शोधा, जी 'चालते' पण 'बरोबर' चालते की नाही हे कोणी तपासत नाही. ती तपासण्याची पद्धत तुम्हीच ठरवा आणि उद्या वर्गात सांगा.